वाटाण्याचं एक मिनिट

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या पहिल्या फिल्ममध्ये राजा नव्हता, ऋषी नव्हता, देवही नव्हता. एक कुंडी होती आणि तिच्यातल्या मातीत पेरलेले वाटाणे होते. १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, फाळक्यांनी घरातच ही कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि महिनाभर त्या दाण्यांची वाढ टिपली. मोड फुटला, कोंब मातीबाहेर आला, पानं उलगडली, वेल वर चढला. पडद्यावर हे सगळं जेमतेम एका मिनिटात उरकत होतं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले, ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालता आला, आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

पाठ झालेल्या गोष्टीचं एक असतं, तिच्याकडे पुन्हा कुणी नीट बघत नाही. वाटाण्याची गोष्टही तशीच झाली आहे. चरित्रांत ती येते, परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात ती फार गोड दिसते, आणि ऐकणारा ‘सावकाराला पटवायची काय नामी युक्ती!’ म्हणून पुढे सरकतो. युक्ती होतीच. पण विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेलेला, पन्नास पौंडांचा कॅमेरा घेऊन परतलेला, वय बेचाळीस झालेला संसारी माणूस कर्ज मिळवण्यासाठी नाचगाण्याचा तुकडा दाखवू शकला असता, लहान मुलांच्या गमतीजमती दाखवू शकला असता. त्याने दाखवलं ते आपल्या डोळ्यांना एरवी कधीच दिसत नाही असं काहीतरी. रोप वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं, वाढताना मात्र ते कुणीच पाहिलेलं नसतं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक तपशील जोडतात, की फाळके रोज एक चित्र घेत. जरा कागद-पेन्सिल घ्या. मूकपटांच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत. यंत्र हाताने फिरवायचं असल्याने हा आकडा कमी-जास्त होई, पण १६ धरायला हरकत नाही. रोज एक म्हणजे महिन्याची तीस चित्रं झाली. तीस चित्रं पडद्यावर पुरती दोन सेकंदंही टिकत नाहीत, नेमकी त्या क्षणी शिंक आली तर अख्खी फिल्म हुकायची. मिनिटभराच्या फिल्मला ९६० चित्रं लागतात. तीस दिवसांत ९६०, म्हणजे दिवसाला ३२; रात्रंदिवस पहारा दिला तर दर पाऊण तासाला एक. तेव्हा एकतर फिल्म मिनिटभराची नव्हती, नाहीतर ‘रोज एक’ हे सांगणाऱ्यांनी सोपं करून टाकलेलं आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. आणि तसं असेल तर गोष्ट फिकी पडत नाही, उलट अधिक रंगते.

कारण वाटाण्याचा वेल सरळ वर वाढत नाही. त्याचा शेंडा आणि आधार शोधणारे तंतू हवेत गोल फिरत असतात. अगदी सावकाश, काही तासांत एक फेरी. चार्ल्स डार्विनला या फिरण्याचं इतकं वेड लागलं होतं की त्याने वेलींवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि पुढे १८८० मध्ये मुलगा फ्रान्सिस याच्यासह वनस्पतींच्या हालचालींवर दुसरं. रोपासमोर काच धरायची, थोड्या थोड्या वेळाने शेंड्याच्या जागी काचेवर ठिपका द्यायचा, मग ठिपके रेषेने जोडायचे, ही त्याची पद्धत. आता समजा, कॅमेऱ्याने चोवीस तासांतून एकदाच पाहिलं. मधल्या वेळात तंतू कितीतरी प्रदक्षिणा घालून आलेला असणार. आज इकडे, उद्या तिकडे, परवा भलतीकडेच. पडद्यावर वेल वाढताना दिसण्याऐवजी झटका आल्यासारखा नाचला असता. वाढ सलग दिसायची असेल तर चित्रं पुरेशी जवळजवळ घ्यावी लागतात. किती जवळ, हे त्या रोपाच्या लयीवर ठरतं, आणि ती लय आधी कुणीतरी कुंडीजवळ बसून ओळखावी लागते.

त्यात उजेडाचा प्रश्न. खिडकीतून येणारं ऊन सकाळी एक, दुपारी एक. मध्येच ढग आला की आणखी तिसरंच. अशा उजेडात घेतलेली चित्रं सलग चालवली तर पडदा वीज चमकल्यासारखा लुकलुकतो. कॅमेरा महिनाभर केसभरही हलता कामा नये. घरात मुलंबाळं, येणारे-जाणारे, केरवारे. शिवाय कॅमेऱ्यातली फिल्म धुतल्याशिवाय काय उमटलंय ते कळायचं नाही, आणि धुवायची ती महिना संपल्यावर. एखाद्या दिवशी उजेडाचा अंदाज चुकला असेल, तर ते तिसाव्या दिवशी कळणार. ही चिकाटी केवळ कर्जासाठी आली असेल असं मानायला माझं मन तयार होत नाही.

असं करणारे फाळके एकटे नव्हते, पहिलेही नव्हते. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास वनस्पतींच्या हालचालींची अशीच चित्रणं केली होती. लंडनमध्ये पर्सी स्मिथ नावाच्या सरकारी कारकुनाने १९१० मध्ये उमलत्या फुलांची फिल्म केली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. एकाने ते प्रयोगशाळेसाठी केलं, दुसऱ्याने छंदापोटी. फाळक्यांना स्वतःला पटवायचं होतं की काळ नावाची गोष्ट हातात धरता येते. महिन्याला ४३,२०० मिनिटं असतात. त्यांतली ४३,१९९ गाळून उरलेल्या एका मिनिटात रोपाचा जन्म मावतो. कॅमेऱ्याला एवढं जमत असेल तर आणखी काय काय जमेल?

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो गिरगावात. १९१०-११ चा सुमार. भागीदारांशी बिनसल्याने छापखाना सोडून फाळके घरी बसले होते. त्यांचा मोठा मुलगा भालचंद्र त्यांच्याबरोबर प्राण्यांची एक फिल्म पाहून आला आणि घरी सांगू लागला, पण कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर गेलं. ते ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे प्राण्यांऐवजी पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र लागलेलं. इथून पुढची हकिकत प्रसिद्धच आहे. ख्रिस्त पाहता पाहता फाळक्यांना राम दिसले, कृष्ण दिसले, गोकुळ आणि अयोध्या दिसली, आणि आपले देव पडद्यावर का येऊ नयेत असं त्यांनी स्वतःला विचारलं. सिनेमाच्या इतिहासाने हा प्रश्न उचलून धरला, त्यात राष्ट्राभिमान होता, स्वदेशी होती, नाट्य होतं. पण त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी घरात जे केलं ते दुसऱ्याच, जास्त साध्या प्रश्नासाठी होतं. हे हलतं कसं?

त्यांनी फिल्म कंपन्यांचे कॅटलॉग मागवले. खेळण्यातलं म्हणावं असं छोटं यंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवले. रात्री मेणबत्ती लावून, भिंग धरून ते तुकडे भिंतीवर पाडले. दिवसा चार-पाच तास सिनेमाघरात जायचं, बाकीचा वेळ प्रयोग, झोप नावापुरती. व्हायचं तेच झालं. डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी आणि चष्म्यांच्या जोरावर दृष्टी परत आली. पाहणं म्हणजे काय या कोड्यापायी माणसाने स्वतःची नजर पणाला लावावी, हा योगायोग कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने खोडला असता.

गंमत म्हणजे त्याच काळात जर्मनीतही एक माणूस असंच एक खेळणं घेऊन बसला होता. मॅक्स व्हर्टहायमर हा मानसशास्त्रज्ञ रेल्वेने सुटीवर निघालेला असताना मध्येच फ्रँकफर्टला उतरला आणि त्याने हलती चित्रं दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं, असं सांगितलं जातं. १९१२ मध्ये, म्हणजे फाळक्यांचे वाटाणे रुजले त्याच वर्षी, त्याचा निबंध छापून आला. दोन स्थिर गोष्टी एकापाठोपाठ योग्य अंतराने दाखवल्या की आपल्याला एकच गोष्ट हलताना दिसते. ती हालचाल पडद्यावर नसते, फिल्मवर तर नसतेच. तुमच्या-माझ्या डोक्यात असते. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळतं म्हणून सिनेमा दिसतो. तेवढ्याने भागत नाही. नुसतं रेंगाळलं असतं तर चित्रांवर चित्रं चढून चिखल झाला असता. मेंदू दोन चित्रांमधली मोकळी जागा स्वतःहून भरतो, आणि भरली हे आपल्याला कळूही देत नाही. वेल वाढतो कुंडीत, पण तो ‘चालतो’ ते प्रेक्षकात.

फाळक्यांना ही गोष्ट सिद्धांतातून कळली नसेल, पण हाताला ती फार जुनी ओळखीची होती. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथल्या टी. के. गज्जर यांनी त्यांना छायाचित्रणाकडे वळवलं आणि रतलामला पाठवून तीन रंगांचे ब्लॉक करायला शिकवून घेतलं. हे ब्लॉक म्हणजे फसवाफसवीच असते. कागदावर पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईचे बारीक ठिपके सोडून काही नसतं. भिंगाखाली धरलं तर चेहरा विरघळून जातो आणि नुसती बुंदी पसरलेली दिसते. भिंग बाजूला केलं की तीच बुंदी गालाची लाली होते, शालूचा काठ होते. जागेचे तुकडे करून डोळ्यापुढे टाका, डोळा अख्खी वस्तू बनवून देतो. हे ज्याने वर्षानुवर्षं केलं त्याला काळाचेही तुकडे करता येतील ही कल्पना किती लवकर उमगली असेल! रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटोलिथोचं काम केलं, लोणावळ्यात छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहायला ते जर्मनीला जाऊन आले. देवांच्या तसबिरी कशा जन्मतात हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

दुसरी शाळा जादूची. फाळके हातचलाखी शिकले होते आणि आपलं नाव उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही करत. जादूगाराची जिज्ञासा आणि प्रेक्षकाची जिज्ञासा यांत फरक असतो. टोपीतून ससा निघाला की प्रेक्षक सशाकडे पाहतो, जादूगार टोपीकडे. फाळके आयुष्यभर टोपीकडे पाहत राहिले. त्यांच्या नोकऱ्या-धंद्यांची यादी काढली तर हा माणूस कुठेच टिकत नव्हता असं वाटेल: फोटोग्राफर, पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन, छापखानेवाले, जादूगार. मला ती यादी अस्थिरतेची वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी ते प्रतिमेचं एकेक यंत्र उघडून बघत होते, आणि सगळं उघडून झाल्यावर शेवटी त्यांच्यापुढे सिनेमा आला.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्याच्या कचेरीत जाऊन थेट संपादकांना भेटले. संपादकांनी आधी धोक्याच्या गोष्टी सांगितल्या, मग या गृहस्थाचं वेड ओळखून त्यांना सेसिल हेपवर्थकडे नेलं. हेपवर्थ तेव्हाचा नावाजलेला इंग्रज चित्रपटकार. चलच्चित्रणावर हस्तपुस्तिका लिहिणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. वॉल्टनच्या त्याच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळं मोकळेपणाने पाहायला मिळालं. मुक्काम दोन आठवड्यांचा. परतताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्च्या फिल्मची मागणी आणि एक छोटं, दिसायला बिनमहत्त्वाचं यंत्र नक्की केलं. फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

या भोकांवर थोडं थांबू या, कारण सिनेमातली खरी जादू तिथे आहे. फिल्म कॅमेऱ्यातून सरसर वाहत जाते असं आपल्याला वाटतं. तशी ती गेली तर चित्र पुसट, फरकाटलेलं येईल. फिल्म थांबते, उजेड घेते, झाकण पडतं, अंधारात एक घर पुढे सरकते, पुन्हा थांबते. सेकंदातून सोळा वेळा. शिवणयंत्रात सुई कापडात असताना कापड थांबलेलं असतं आणि सुई वर गेली की टाकाभर पुढे सरकतं, तसंच. आणि सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या लुई ल्युमिएरला आपल्या यंत्राची कल्पना शिवणयंत्रावरूनच सुचली होती. फिल्मला पुढे ओढणारी नखं तिच्या कडेच्या भोकांत शिरतात. एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार भोकं. भोक जरा इकडेतिकडे पडलं की चित्र थरथरतं. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई आणि ती घरी पाडावी लागत. अंधारात हे काम करणाऱ्या बाईंचं नाव सरस्वतीबाई फाळके, फाळक्यांच्या पत्नी.

पुन्हा पेन्सिल घेऊ. फूटभर फिल्मवर १६ चित्रं बसतात, म्हणजे भोकांच्या ६४ जोड्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. चित्रं झाली ५९,२००, आणि भोकांच्या जोड्या २,३६,८००. हा फक्त एका प्रतीचा हिशेब. फुकट गेलेली फिल्म, निगेटिव्ह, आणखी प्रती यात धरलेल्या नाहीत. दिवसभर कंपनीच्या लोकांचा स्वयंपाक, चित्रण चालू असताना उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभं राहणं, रसायनं कालवणं, आणि मग हे. दागिनेही त्यांनी दिले, हे सगळे सांगतात. मला दागिन्यांपेक्षा भोकांचं जास्त अप्रूप वाटतं. दागिने एकदाच द्यायचे असतात. सरस्वतीबाईंचं नाव श्रेयनामावलीत नाही, तंत्रज्ञांच्या इतिहासातही उशिराने आलं. पण त्या भोकांवर सगळा चमत्कार उभा होता, हे शब्दशः खरं आहे.

कारण चमत्कार कसे होत ते पाहा. देव प्रकट व्हायचा असेल तर कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी पुतळे व्हायचं, देवाचं काम करणाऱ्याने येऊन उभं राहायचं, कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर देव शून्यातून उभा राहतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या शेवटी शंकर असेच येतात. हे वाटाण्याचंच तंत्र आहे. तिथे दोन चित्रांमधला पाऊण तास गाळला होता, इथे नट चालत आला तेवढं अर्धं मिनिट गाळलं. एका ठिकाणी त्यातून निसर्ग दिसला, दुसऱ्या ठिकाणी दैवी कृपा. याहून अवघड प्रकार म्हणजे तीच फिल्म मागे गुंडाळून दुसऱ्यांदा उजेडात आणायची. पहिल्या वेळी चौकटीचा एक भाग काळ्या पडद्याने झाकायचा, दुसऱ्या वेळी उरलेला. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर तरंगतं आणि परत जागेवर बसतं, ते अशा कसबातून. दोन्ही फेऱ्यांना फिल्म तंतोतंत त्याच जागी थांबली नाही तर मुंडकं आणि मान यांचा मेळ बसणार नाही. म्हणजे पुन्हा भोकं आलीच.

पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगार. रस्त्याचं चित्रण करताना कॅमेरा अडकला, नंतर फिल्म चालवून पाहिली तर प्रवासी गाडीची एकदम शववाहिका झाली, आणि तिथे आपल्याला ही युक्ती सापडली असं तो सांगे. फाळक्यांना युक्ती अपघाताने सापडावी लागली नाही, ती जगाला माहीत झाली होती. त्यांनी विचारलं ते एवढंच, की हे इथल्या उजेडात, इथल्या पैशात, इथल्या माणसांकडून कसं करून घ्यायचं. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत, म्हणून नटांना सांगून ठेवलेलं की ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ म्हणा. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच्या वर्षभर आधी तिथेच दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता, त्यामुळे पहिलं कोण हा वाद अधूनमधून उकरला जातो. त्यात मला फारसा रस नाही. पहिलेपणाचा मान वाटायचा ठरला तर मी वाटाण्यालाही उमेदवारी देईन.

पहिल्या महायुद्धात पैसा आटला, तेव्हा फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फिल्ममध्ये काड्या आपणहून सरकतात, आकृत्या करतात. एक काडी बोटभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. वाटाण्याला सूर्य हलवत होता, इथे माणसाचा हात हलवतो आणि दोन चित्रांच्या मधल्या फटीतून निसटतो. फरक तेवढाच.

मग १९१७ च्या सुमाराला त्यांनी जे केलं ते कुठल्या जादूगाराने सहसा केलं नसतं. ‘चित्रपट कसे तयार करतात’ अशी फिल्मच त्यांनी काढली. तिचा काही भाग टिकला आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना समजावताना, फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना. याच काळात ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. टोपी उलटी करून दाखवायची, आत काही नाही हे पटवायचं, खण कुठे आहे तेही सांगायचं. धंदा बसेल, लोकांची श्रद्धा उडेल, ही भीती त्यांना वाटलेली दिसत नाही. स्वतःला ज्या प्रश्नाने झोप लागू दिली नव्हती तो प्रेक्षकांनाही पडलाच असणार, असं त्यांनी सरळ गृहीत धरलं. हा प्रेक्षकाचा केवढा मान आहे! आज चित्रपटांच्या जाहिरातीत पडद्यामागची दृश्यं सर्रास दाखवतात, पण तेव्हा पडद्यावरची आग पाहूनही लोक दचकत.

सगळे प्रश्न त्यांनी विचारले असं नाही. पैशाबद्दल आणि भागीदारांबद्दल त्यांनी पुरेसे विचारले नाहीत, किंवा विचारले ते चिडून. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, लवकरच खटके उडाले, फाळके काशीला निघून गेले, तिथे नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आला तेव्हा त्यांचा मूकपट ‘सेतुबंधन’ तयार होत होता, त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, १९३७ चा, कोल्हापुरात केलेला. आवाजाचं यंत्र मेणबत्तीच्या उजेडात घरी उघडून बघण्यासारखं नव्हतं. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा सिनेमावाल्यांची पुढची पिढी आपल्या कामात होती.

‘कालियामर्दन’ मात्र बघायला मिळतो, आणि तो बघावाच. १९१९ चा. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. सिनेमा सुरू होतो तो गोकुळात नाही. आधी पडद्यावर सांगितलं जातं की ही लहान मुलगी चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दाखवणार आहे, मग मंदाकिनीचा चेहरा येतो आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. हसते, रुसते, रागावते. एखाद्या घरगुती कार्यक्रमात पाहुण्यांपुढे करावं तसं. आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत तोच चेहरा विरत विरत मोरपीस लावलेल्या कृष्णाचा होतो. फाळक्यांनी काही लपवलेलं नाही. ही माझी मुलगी आहे, हे तिचं कसब, हे माझं, आता पाहा. पुढे ती यमुनेत उडी घेते, कालियाच्या फण्यावर नाचते, आणि प्रेक्षक, ज्यांना दोन मिनिटांपूर्वीच सगळं सांगून झालं होतं, पाण्यातून ती वर यायची वाट बघत खुर्चीच्या कडेवर आलेले असतात.